तळातली काळी पट्टी

“शांतू, दोर सोड. मी काय बैल आहे?”

फाटकातून स्कूटी आत घातली आणि पहिलं हेच कानावर आलं. पोहण्याच्या टाकीच्या काठावर शांतिनाथदादा उभा होता, हातात कासरा धरावा तसा निळा नायलॉनचा दोर. दोराचं दुसरं टोक पाण्यात, नेमगोंडा आबांच्या कमरेला बांधलेलं. आबा छातीएवढ्या पाण्यात ताठ उभे होते आणि त्यांच्या डाव्या भुवईवर तीन टाके होते.

“बैल असता तर बरं झालं असतं,” दादा म्हणाला. “बैल ऐकतो तरी.”

मी सामानाची पेटी खाली ठेवली आणि टाकीत डोकावले. चार दिवसांपूर्वी मी गेले तेव्हा तळाला थोडे हिरवट डाग होते, इथं एक, तिथं एक. आता अख्खा तळ मुका मार बसल्यासारखा काळानिळा पडला होता. आणि चार दिवसांपूर्वी त्या डागांवर सोडा आणि क्लोरीन ओतून, छाती पुढं काढून मीच सांगून गेले होते, “काही काळजी करू नका, सोमवारपर्यंत आरशासारखी करून देते.” सोमवार उजाडला होता.

सतरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा तेवीस वर्षांची. रसायनशास्त्रात बीएस्सी, कशीबशी दुसऱ्या वर्गात पास झालेली. तोंड मात्र पहिल्या वर्गाचं. सांगलीत मामाचं पंप आणि फिल्टरचं दुकान होतं आणि त्याच्याकडं तीन टाक्यांची देखभाल होती. एक हॉटेलची, एक क्लबची आणि ही तिसरी, द्राक्षाच्या मळ्यातली, पाटलांच्या घरामागची. घरात पोहण्याची टाकी म्हणजे तेव्हा आमच्याकडं अप्रूपच. लोक मुद्दाम बघायला यायचे.

ती टाकी हौसेची नव्हती. आबा एके काळी कृष्णेतले नामांकित पोहणारे. पूर आला की लोक नदीपासून लांब पळायचे आणि हे पुलाकडं पळायचे, उडी टाकायला. सत्तरी गाठली आणि काचबिंदूनं डोळे धरले. कडेचं सगळं गेलं. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. तरी माणूस पहाटे चोरून नदीवर जायचा. दोनदा लोकांनी हाताला धरून घरी आणून सोडला, तेव्हा दादानं ही टाकी बांधून घेतली. पासष्ट फूट लांब, बारा फूट रुंद. पांढरीशुभ्र फरशी आणि तळाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर रुंदीची काळी पट्टी. भिंतीच्या अलीकडं चार फुटांवर पट्टी संपायची आणि तिथं एक आडवी रेघ होती. आबा पाण्यात तोंड घालून पट्टीवरून जायचे, आडवी रेघ आली की हात पुढं काढायचे आणि भिंतीला लावून वळायचे. बाकी जगात त्यांना धड काही दिसत नव्हतं, पण पांढऱ्यावरचं काळं दिसायचं.

आता पांढरंच राहिलं नव्हतं. रविवारी सकाळी आबा सरळ भिंतीवर गेले होते, डोक्यानं.

“मंदा, तुझं काम संपलं,” दादा म्हणाला. “येत्या रविवारी मुरमाचे टिपर येतायत, रस्त्याला. दोन खेपा हितं ओततो आणि विषय मिटवतो. मला बाप पाहिजे, टाकी नको.”

“आणि बापाला काय पाहिजे ते?” आबा पाण्यातून म्हणाले.

दादानं दोर खांबाला बांधला आणि बागेकडं निघून गेला. रागानं गेला असं मला वाटलं, पण पाठमोरा बाहीनं डोळे पुसत होता.

आबांनी माझ्या दिशेनं मान वळवली. माणसाकडं बघताना ते कोंबड्यासारखी मान बारीक बारीक हलवून त्या नळीत तुम्हाला पकडायचे. “मंदा म्हणजे काय गं? मंदाकिनी?”

“हो.”

“नदीचं नाव आहे की. पोहायला येतं?”

“नाही.”

“आणि पाण्याचं काम करतीस?”

“काठावरून करते.”

ते खो खो हसले. मग एकदम थांबले. “हे बघ पोरी, मला महिनाभर पट्टी दिसायला पाहिजे. नुसता एक महिना. मिरजेचा डॉक्टर म्हणतोय, संक्रांतीपर्यंत आहे तेवढी नजर पण जाणार. एक महिना मिळंल काय?”

मला भरून आलं. जाता जाता माणसाला एकदा डोळे भरून बघायचं असतं ना, तसलंच हे, असं मी समजले. “देते,” म्हटलं. कशी देणार ते मला अजिबात ठाऊक नव्हतं.

मामाला फोन केला. मामा म्हणाला, पाणी सोडून दे आणि ॲसिडनं फरशी धू. दादापाशी तसं बोलले तर तो उसळलाच. “लाखभर लिटर पाणी? बोअर बागेलाच पुरंना झालीय, छाटणी तोंडावर आलीय. पुन्हा भरू कशानं, थुंकीनं?” त्याचं खरं होतं. मग मी होत्या त्या पाण्यातच खटपट सुरू केली. लांब दांड्याचा ब्रश घेऊन मंगळवारी घासलं, बुधवारी घासलं, हातांना फोड आले. आणखी क्लोरीन टाकलं. डाग जायचं लांबच, आणखी गडद झाले. क्लोरीन म्हणजे सगळ्यावर उतारा असं मला वाटायचं, आणि तेच माझं चुकत होतं.

गुरुवारी सकाळी मी काठावर हात चोळत बसले होते. आबा दोर बांधूनच दोन फेऱ्या मारून आले आणि पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात टेकले. पद्मावहिनी, दादाची बायको, पेलाभर गरम पाणी आणि अर्धं लिंबू घेऊन आली. लिंबू आबांना स्वतःच्या हातानं पिळायला लागायचं. पिळलं, प्यायले, आणि वहिनीची पाठ वळताच साल हळूच शेजारी पाण्यात सोडून दिलं.

“आबा, काय टाकलंत?”

“कुठं काय?”

“अहो, मी बघितलं की!”

“हजार वेळा सांगितलं त्यांना,” वहिनी वळून म्हणाली. “आठ दिवस बघतेय, पाण्यात सालं टाकतात. आणि तोंड असं करतात, जसं काही पाळण्यातलं लेकरू.”

मी साल काढायला वाकले आणि तशीच राहिले. ती पायरीही तळासारखीच काळी पडली होती. पण तिच्यावर रुपयाएवढे पाच-सहा गोल होते, पांढरेशुभ्र, नव्या फरशीसारखे. मी घाईघाईनं ते साल आणखी एका जागी दाबून धरलं आणि पन्नासपर्यंत आकडे मोजले. साल उचललं. खाली पांढरं.

“वहिनी! वहिनी, इकडं या!”

वहिनी पदर खोचून वाकली, बोटानं घासून बघितलं. “अगं, हा तर कळंक आहे. अभिषेकाचा कलश असाच हिरवा-काळा पडतोय. लिंबानं घासला की लख्ख.”

“कलश तांब्याचा असतो वहिनी. या टाकीत तांबं कुठनं येणार?”

दादा तेवढ्यात बागेतून आला होता. तो स्वतःच्या चपलेकडं बघत उभा राहिला.

“दादा?”

“शेवाळ धरलं होतं,” तो पुटपुटला. “तू चार-चार दिवस येत नाहीस. घरात मोरचूद होतं, फवारणीचं. म्हटलं, बागेला चालतंय, शेततळ्याला चालतंय... चार मुठी टाकलं.”

“चार मुठी?”

“घमेलंभर.”

कपाळावर हात मारून घेतला मी. मोरचूद म्हणजे ते निळे खडे. त्यात तांबंच असतं. द्राक्षवाल्याला वेलीवर रोग दिसला तरी मोरचूद, तळ्यात शेवाळ दिसलं तरी मोरचूद. “अहो दादा, घमेलंभर! एक शब्द तरी बोलायचा होता! मी इथं वेड्यासारखी ब्रश घेऊन...” आणि बोलता बोलता मी थांबले. कारण पुढचं मला दिसायला लागलं होतं. मोरचूद पाण्यात विरघळून निमूट पडलं होतं, थोडेफार डाग सोडले तर त्याचा काही त्रास नव्हता. त्याच्यावर सोडा आणि क्लोरीन ओतून सगळंच्या सगळं तांबं फरशीवर बसवलं ते मी. सोमवारपर्यंत आरसा करायला निघालेली मी.

“अर्धी तुम्ही काळी केलीत,” मी म्हटलं, “आणि अर्धी मी.”

“तरीच!” वहिनी ओरडली. “आबांचे केस हिरवे दिसायला लागलेत! मला वाटलं, माझेच डोळे गेले.”

सगळ्यांनी बघितलं. आबांच्या पांढऱ्या केसांवर खरंच पोपटी झाक होती. आबांनी डोक्यावरून हात फिरवला. “दिसतोय बरा काय?” म्हणाले. दादा पहिल्यांदा हसला.

त्याच दुपारी सांगलीच्या पेठेतून पंधरा किलो लिंबूसत्त्व आणलं. दुकानदार म्हणाला, “एवढं सरबत? लग्न कुणाचं आहे?” मी म्हटलं, “फरशीचं.”

शनिवारी सकाळी पंप बंद केला. पाणी हलायचं थांबल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही काठांनी चालत ती पूड मूठ मूठ सोडत गेले. रविवारी मुरूम येणार होता. झालं नाही तर झालं नाही, दुसरी संधी नव्हती. दादा, वहिनी, मी, तिघंही श्वास धरून उभे. आबा पायरीवर बसलेले.

“काय होतंय?”

“काही नाही, आबा.”

“आता?”

“अजून काही नाही.”

पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. आणि खोल बाजूला, कोपऱ्यातल्या दोन फरशांचा रंग उतरला. आधी वाटलं भास. मग तिसरी, मग तिच्या शेजारच्या चार. पाण्याखाली कुणी हलक्या हातानं पुसत यावं तसं ते काळं मागं सरत होतं आणि पांढरं पुढं येत होतं, ना आवाज, ना हालचाल. मी रसायनशास्त्र शिकले होते, समीकरणं पाठ होती. पण ते बघताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वहिनीनं हात जोडले. आणि मग त्या पांढऱ्यातनं, खोल टोकाकडून आमच्याकडं, ती काळी पट्टी निघाली. फूटभर, दोन फूट, पाच फूट.

“आबा, पट्टी...”

“बोलू नको,” आबा म्हणाले. ते पुढं वाकले होते, नाक पाण्याला टेकायचं बाकी. मान अगदी सावकाश, जराजराशी फिरवत त्यांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या नळीतून नेली. मग म्हणाले, “आली.”

रविवारी टिपर रस्त्यावर रिकामे झाले. दादानं अट घातली ती एकच, पट्टी दिसतेय तोवर दोर नाही. दिसेनाशी झाली की त्या दिवशी टाकी बंद.

पुढचा महिना आबांनी पाणी सोडलं नाही म्हणायला हरकत नाही. सकाळी पोहायचे, दिवस मावळायच्या आधीचं जेवण आटोपायला वहिनी हाका मारायची तोवर पोहायचे. मी एक दिवसाआड जायचे. ते बघत राहावंसं वाटायचं. बाहत्तर वर्षांचा माणूस, जमिनीवर चालताना खुर्चीला अडखळणारा, पाण्यात गेला की पाण्याचाच व्हायचा. भिंतीला हात लावून वळताना त्यांचे ओठ हलायचे. णमोकार मंत्र म्हणत असतील, असं मला वाटायचं. कधी मध्येच थांबायचे, परत पहिल्या भिंतीला यायचे आणि तेवढंच अंतर पुन्हा जायचे. मी विचारायचे, “आबा, दमलात काय?” तर म्हणायचे, “नाही, चुकलो.” काय चुकले, ते मी कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरात पाणी जरा हिरवं धरायला लागलं. लिंबूसत्त्वानं आंबट झालेल्या पाण्यात क्लोरीनचा नीट जोर धरेना. म्हणून एका संध्याकाळी मी आंबटपणा मारायला सोडा टाकला. मापात टाकला होता, शपथ. पण तांबं पाण्यातनं गेलं कुठं होतं? फरशीवरून सुटून पाण्यातच वाट बघत बसलं होतं.

सकाळी साडेसहाला वहिनीचा फोन. “मंदा, पाणी कसलं तरी झालंय गं. निळं-पांढरं. तळ दिसेना.”

“आबांना उतरू देऊ नका!”

“ते कधीच उतरलेत!”

सात किलोमीटर मी कशी गेले, मला विचारू नका. फाटकात पोचले तेव्हा दादाही बागेकडून धावतच येत होता, फवारणीचे कपडे तसेच, हातात तो निळा दोर. आम्ही दोघं एकदमच काठावर आलो.  चुना कालवल्यासारखं दाट, निळसर पाणी. मनगटापर्यंत हात घातला तर बोटं दिसेनात. आणि त्यात मधोमध आबा, खोल भिंतीकडं निघालेले.

“आबा! थांबा! आबा!”

पाण्यात कान असलेला माणूस काय ऐकणार? पट्टी कुठून जाते ते मला पाठ होतं, दोन्ही भिंतींवर तिच्या सरळ रेषेत खुणा होत्या. आबा बरोबर पट्टीवर होते. भिंत दहा फूट राहिली, आठ, सहा. वेग तोच. दादानं चपला काढल्या, उडी मारणार, एवढ्यात आबांचा डावा हात पुढं आला, उघडा तळवा अलगद भिंतीला लागला, आणि ते वळले. ओठ हलले. परत आमच्याकडं निघाले. पुन्हा बरोबर मधून. पायरीशी आले, भिंतीला हात लावला आणि उभे राहून तोंडावरचं पाणी पुसलं.

“आबा, वर या!” मी जवळजवळ रडत होते. “पाणी गढूळ झालंय. माझी चूक आहे. पट्टी दिसत नाही!”

“आज गढूळ झालंय?” आबा म्हणाले. “मला कसं कळावं बाई?”

“म्हणजे?”

“बारा दिवस झाले. काय दिसंना झालंय. उजेड आहे का अंधार, तेवढं कळतंय.”

 वहिनीच्या हातातला पेला कलंडून पाणी सांडत होतं, तिला भान नव्हतं. बारा दिवस. त्या बारा दिवसांत सहा वेळा मी या काठावर बसून गेले होते, स्वच्छ पाण्यात तो माणूस पट्टीवरून जाताना बघून खूश झाले होते.

“मग तुम्ही... कसं?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“गिरवलं,” आबा म्हणाले. “पाटीवर मास्तर अक्षर काढून देतो, पोरगं त्याच्यावरनं पेन्सिल फिरवतंय. शंभरदा फिरवली की मग अक्षर पुसलं तरी हात जातोय. तशी पट्टी गिरवली महिनाभर. माझा उजवा हात जरा जास्त ओढतोय, त्यानं मी डावीकडं जातोय. म्हणून डावा जरा जोरात मारायचा. ते पट्टी बघितल्याशिवाय कळलं नसतं. तेविसाव्या हाताला आडवी रेघ, चोविसाव्याला भिंत. एवढंच शिकायचं होतं. म्हणून तर महिना मागितला तुझ्याकडं.”

आणि मी समजत होते, त्यांना डोळे भरून बघायचंय.

“मला का नाही सांगितलं, आबा?” दादानं विचारलं.

“सांगितलं असतं तर तू दोर घेऊन आला असतास.” आबांनी मान तिरकी केली. “आता पण आणलायसच ना?”

दादानं हातातल्या दोराकडं असं बघितलं, जसं काही तो दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातात दिला होता. वहिनीनं पुढं होऊन तो काढून घेतला.

“रंग कसला झालाय गं?” आबांनी मला विचारलं.

“निळा-पांढरा.” मी डोळे पुसले. “तुमच्या बोर्डोसारखा. मोरचूद आणि चुना कालवून वेलीवर मारता ना, तसा.”

“म्हणजे माझी फवारणीच झाली म्हणा की,” आबा म्हणाले. “चला, औंदा मला तरी दावण्या येत नाही.” आणि द्राक्षाचा रोग टळल्याच्या खुशीत असल्यासारखे हसत त्यांनी भिंतीला पाय लावले आणि सुटले.

दादा आहे तसा, पँटीसकट, पायरीवर बसला. गुडघे पाण्यात. आबांच्या पाठीकडं बघत होता. मग त्याचे ओठ हलायला लागले. “आठ... नऊ... दहा...” मीही त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्याबरोबर मोजायला लागले. पाण्याची भीती वाटायची मला, पण त्या वेळी आठवणसुद्धा झाली नाही. “एकवीस... बावीस... तेवीस...” चोविसाव्याला पाण्यातून तळवा वर आला आणि भिंतीला टेकला.

दादानं माझ्याकडं बघितलं. डोळे वाहत होते त्याचे, पुसायचंही सुचत नव्हतं.

“येतील परत,” तो म्हणाला, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला.